परसांतील कळपांत नव्या कोंबड्या

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं परसांत पांच-सहा कोंबड्या असतात, व अंड्यांच्या पैशांतून वह्या, तेल-मीठ असा किरकोळ खर्च भागतो. कोंबड्या वयस्क झाल्या कीं अंडीं कमी होतात, आणि मग आठवड्याच्या बाजारांतून दोन-तीन तलंगा आणिल्या जातात. त्यांस त्याच सायंकाळीं जुन्या खुराड्यांत कोंडण्याची रीत अनेक घरीं दिसते. ही रीत महाग कां पडते व तिच्याऐवजीं काय करावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें भय रोगाचें. बाजारांतील कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी तिच्या अंगीं मानमोडीचें बीज असूं शकतें. इंग्लंडांत न्यूकॅसल व आपल्या देशांत राणीखेत ह्या गांवांच्या नांवानें हा रोग ओळखला जातो. रोगबीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा पांच-सहा दिवस, पण कधीं कधीं पंधरा दिवसही लागतात. एकदां लागलेल्या ह्या रोगास औषध नाहीं; आधीं टोंचलेली लस हाच उपाय होय. म्हणून नव्या कोंबड्या निदान तीन आठवडे, साधेल तर महिनाभर, घराच्या दुसऱ्या बाजूस निराळ्या ठेवाव्या. त्यांचीं भांडीं निराळीं असावीं. दाणापाणी आधीं जुन्यांस व मग नव्यांस द्यावें, आणि हात धुवावे. ह्या मुदतींत त्यांची विष्ठा व श्वासोच्छ्वास पाहावा. पंखांखालीं उवा आहेत काय तेंही तपासावें. अनेक कोंबड्या एकाएकीं मरूं लागल्या तर मेलेलें पांखरूं उकिरड्यावर न टाकतां सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी. इ. स. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूर येथें बर्ड फ्लू उद्भवला, हें आपल्या प्रांतास विसरतां येण्याजोगें नाहीं.

दुसरें भय भांडणाचें. थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे ह्या नॉर्वेजियन गृहस्थानें बालपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण केलें व इ. स. १९२२ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रत्येक कळपांत पायऱ्या ठरलेल्या असतात. वरची खालचीस चोंच मारिते, खालची ती निमूटपणें सोसते. हा क्रम ठरला म्हणजे कळपांत शांतता नांदते. नवें पांखरूं आलें कीं हा क्रम मोडतो व पुनः झुंज होते. एकटी आलेली तलंग सर्वांचा मार खाते; यास्तव दोन-तीन एकदम, व अंगानें जुन्यांच्या जवळपास भरलेल्या अशाच आणाव्या.

आतां कृति सांगतों. वेगळें ठेवण्याची मुदत संपल्यावर नव्यांस जुन्यांच्या शेजारीं, मध्यें तारेची जाळी घालून, आठवडाभर ठेवावें. एकमेकींस पाहण्याची संवय होते, पण चोंच पोहोंचत नाहीं. मग अंधार पडतांच नव्यांस दांडीवर जुन्यांच्या बाजूस बसवावें. कोंबडीस अंधारांत नीट दिसत नाहीं, त्यामुळें रात्रीं भांडण होत नाहीं. पहांटे दार लवकर उघडावें, म्हणजे दुबळीस पळावयास वाव मिळतो. दाण्याचीं व पाण्याचीं भांडीं दोन-तीन ठिकाणीं मांडावीं. नाहीं तर वरचढ कोंबडी एकच भांडें अडवून बसते आणि नवी उपाशी राहते. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यांत चुना अधिक असतो. तो कोंवळ्या तलंगेच्या मूत्रपिंडांस अपाय करितो. तेव्हां सर्वांस वाढीचें खाद्य द्यावें व शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटींत ठेवावा. जिला गरज ती खाईल.

पहिले कांहीं दिवस चोंची चालणारच. प्रत्येक वेळीं मध्यें पडूं नये. परंतु रक्त दिसलें कीं जखमी कोंबडी तत्काळ बाजूस काढावी, कारण लाल रंग पाहून इतर तिच्यावर तुटून पडतात. तिला जाळीपलीकडे, पण सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवावें. फार दिवस दृष्टिआड झालेलें पांखरूं परकें ठरतें. ह्याच कारणास्तव अति मारकुटी कोंबडीच चार दिवस दूर कोंडिली तर परत आल्यावर तिचा तोरा उतरलेला दिसतो.

एवढ्या खटपटीस महिना-सवा महिना लागतो. तेवढा धीर ज्या घरीं धरिला जातो, तेथें आणलेल्या तलंगाही जगतात आणि जुन्या कोंबड्याही वांचतात.