खेळण्यातली भिंगे आणि कडेची माणसे

तारापूर औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे साचे करण्यात मी सव्वीस वर्षे काढली. कामावर त्याला कुणी साचा म्हणत नाही, डाय म्हणतात. कॅमेऱ्याची भिंगे आम्ही कधी केली नाहीत. टॉर्चच्या काचा, विजेच्या मीटरची पारदर्शक झाकणे, वाहनांच्या दिव्यांची कव्हरे, असा आमचा माल. पण वितळलेले ॲक्रिलिक थंड होताना कसे वागते हे रोज डोळ्यांसमोर होते, आणि खेळण्यातल्या भिंगांचे कोडे मला तिथूनच उलगडू लागले.

भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असते. साच्यात कड आधी गोठते, पोट शेवटी. ॲक्रिलिक गोठताना शंभर मिलिमीटरला साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर आकसते. पोटाचा भाग उशिरा आकसला की पृष्ठभाग किंचित आत ओढला जातो. ज्या तोंडातून प्लास्टिक साच्यात शिरते, ते गेट, तिथे ताण राहतो. पावसाळ्यात दाणे नीट वाळवले नाहीत तर मालात चंदेरी रेघा उठतात, आणि आमच्याकडचा पावसाळा म्हणजे काय ते पालघरकरांना सांगायला नको. चांगल्या भिंगाचा कारखाना यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेळ आणि पैसा घालतो. खेळण्याचा कारखाना काही सेकंदांत साचा उघडतो आणि पुढचा माल ओततो. म्हणून एकाच पेटीतली दोन भिंगे जुळी नसतात, भावंडे असतात.

या भावंडांचे एक वेगळे जग आहे. साठच्या दशकात हाँगकाँगमधून डायना नावाचा प्लास्टिकचा कॅमेरा निघाला, १९८२ मध्ये होल्गा. दोन्हींची भिंगे एकेरी, चित्राची कड पुसट, कोपरे काळवंडलेले. पुढे लोकांना हे दोषच आवडू लागले. डिजिटल काळात मोठ्या कंपन्यांनीही त्यात हात घातला. २०११ मध्ये पेंटॅक्सने तळहातावर मावणारा ‘क्यू’ हा आरसा नसलेला कॅमेरा आणला आणि त्याच्यासोबत ‘टॉय लेन्स’ म्हणूनच दोन भिंगे विकली: एक ६.३ मिलिमीटर नाभीय अंतराचे, दुसरे १८ मिलिमीटरचे. ऑलिंपसने २०१२ मध्ये कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या झाकणातच १५ मिलिमीटरचे भिंग बसवले. जाडी अवघी ९ मिलिमीटर. या तिन्हींत प्रकाशाचे छिद्र कायमचे ठरलेले, लहान-मोठे करता येत नाही. ते आपण स्वतः मोठे करावे, भिंग उलटे बसवावे, पुढेमागे सरकवावे, हा जो उद्योग जगभर चालतो, त्याचीच ही बोईसर शाखा समजा.

महाराष्ट्राला हा उद्योग नवा नाही. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मावसभाऊ चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवण्याच्या मागे लागले होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले; बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने, हाताशी असलेल्या प्रोजेक्टरचा अभ्यास करून, १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि त्यातून १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला. त्यांच्यापुढे गरज होती, आमच्यापुढे हौस. पण लेथवर कडी कातताना मला त्यांची आठवण येते हे खरे.

आता मुख्य अडचण. खेळण्यातले भिंग लहान कॅमेऱ्याला लावले की त्याचा खेळकरपणा बहुतेक निघून जातो. हे ऐकून हौशी माणूस चक्रावतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या चौकोनी फिल्मवरच्या चित्राची रुंदी साधारण ५६ मिलिमीटर. मध्यापासून कड २८ मिलिमीटरवर. भिंगाचे नाभीय अंतर ७० धरले तर कडेवर पडणारा किरण जवळपास २२ अंशांनी तिरका येतो. माझ्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर १७.३ मिलिमीटर रुंद. त्याची कड मध्यापासून ८.६५ मिलिमीटरवर, म्हणजे तिरकेपणा फक्त ७ अंश. भिंगाचे जे काही वाकडे आहे ते बहुतेक या सात अंशांच्या बाहेर असते. सेन्सर मधला गाभा खातो आणि साल टाकून देतो. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी निघालेल्या होल्गा भिंगांच्या मागे म्हणूनच एक काळी चकती असते, मधल्या भोकाभोवती बारीक भोके असलेली. कोपरे मुद्दाम काळवंडावेत एवढ्यासाठी. मला ती फसवणूक वाटते. ती काढली की भिंगाचा स्वतःचा स्वभाव तरी कळतो.

स्वभाव बाहेर काढायचे पहिले हत्यार म्हणजे छिद्र. कचेरीतले कागद टोचायचे पंच साधारण ६ मिलिमीटरचे भोक पाडते. काळ्या कार्डाला असे भोक पाडून ते ५० मिलिमीटरच्या भिंगापुढे लावले की एफ/८ च्या आसपासचे छिद्र मिळते. तेच भोक १० मिलिमीटर केले तर प्रकाश पावणेतीन पट वाढतो, पण गोलीय विपथनाने पसरणारा डाग व्यासाच्या घनाने वाढतो, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. मधला बिंदू टिपलेला राहतो आणि त्याभोवती दुधाळ वलय येते. चिंचणीच्या सुरूच्या बनात उन्हाकडे तोंड करून असा फोटो काढला की पानांच्या टोकांना साय धरल्यासारखे दिसते.

छिद्र लहान करत गेल्याने चित्र सुधारतच जाते असेही नाही. एफ/८ ला विवर्तनामुळे प्रकाशाचा ठिपका जवळजवळ ११ मायक्रोमीटरचा होतो. पेंटॅक्स क्यूच्या सेन्सरवरचा एकेक कण दीड मायक्रोमीटरचा, म्हणजे एक ठिपका सात कण व्यापतो. त्या भिंगांच्या मऊपणात प्लास्टिकचा वाटा किती आणि विवर्तनाचा किती, हे पाहायचे तर छिद्र थोडे मोठे करून बघण्यावाचून मार्ग नाही.

रंगाचे गणित प्लास्टिकच्या जातीवर जाते. एकेरी भिंग निळ्याला जवळ आणि तांबड्याला लांब एकत्र आणते. ५० मिलिमीटरच्या ॲक्रिलिक भिंगात हे अंतर ०.९ मिलिमीटरच्या आसपास, पॉलिस्टायरीनमध्ये १.६. डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या चैत्री जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणीतून विजेच्या तारेला जांभळी किनार दिसते, तिचे कारण हेच.

बसवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. माझ्या कॅमेऱ्यात माउंटच्या कडीपासून सेन्सर १९.२५ मिलिमीटर आत आहे. ५० मिलिमीटरचे भिंग दूरच्या डोंगरावर नेमके यायला सेन्सरपासून ५० वर हवे, म्हणजे कडीच्या पुढे सुमारे ३१ मिलिमीटर नळी. एक मीटरवरच्या माणसासाठी भिंग आणखी २.६ मिलिमीटर पुढे. पीव्हीसीचे दोन तुकडे एकमेकांत सरकणारे घेतले की काम होते. माउंटसाठी कॅमेऱ्याचे झाकण भोक पाडून वापरायचे. नाभीय अंतर ठाऊक नसेल तर खोलीतल्या ट्यूबलाइटची प्रतिमा समोरच्या जमिनीवर घेऊन मोजा, सूर्यावर प्रयोग नको. नळीला आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्यावा. चकचकीत पीव्हीसी आतून उजळते आणि सगळे चित्र पांढुरके करते. मी पुढे नायलॉनच्या दांड्यातून कडी कातून घेतल्या, कारण लेथवाला ओळखीचा होता. कॅमेऱ्याच्या मेनूत भिंगाशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय शोधावी लागते.

भिंगाची दिशा हे दुसरे हत्यार. विल्यम वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१२ मध्येच दाखवले होते, की एका बाजूने अंतर्वक्र आणि दुसऱ्या बाजूने बहिर्वक्र भिंग घ्यावे, पोकळ बाजू बाहेरच्या दृश्याकडे ठेवावी आणि छिद्र तिच्यापुढे थोड्या अंतरावर असावे. मग कडेचे चित्र बरेच सपाट होते. स्वस्त बॉक्स कॅमेरे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या एका कल्पनेवर जगले. तेच भिंग उलटे केले की मध्य टिकतो आणि कड भोवऱ्यासारखी फिरते. सात अंशांतही ती फिरताना दिसते, म्हणून लहान कॅमेरेवाल्यांना हा बदल सर्वांत प्रिय आहे.

मला मात्र उलट्या भिंगापेक्षा सरकवलेल्या भिंगाने जास्त गुंतवले, आणि त्याचे कारण घरचे आहे.

आमच्याकडे काकांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. भारतात बनलेला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा आणि मध्यमवर्गाला परवडणारा कॅमेरा. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चिंचणीच्या घराच्या अंगणात काढलेला एक फोटो आहे. अकरा माणसे. मध्ये खुर्चीत आजोबा, त्यांच्या दोन्ही हातांना मोठी मंडळी, आणि डाव्या टोकाला आत्या. तिचा चेहरा पुसला गेला आहे. ती पुढे लवकर गेली, आणि तिचा दुसरा फोटो घरात नाही. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आले: ‘ती हलली. ती कधी एका जागी स्थिर उभी राहिलीच नाही.’ पुढे पुढे हे वाक्य फोटोपुरते राहिले नाही, तिच्या स्वभावाचे वर्णन झाले.

कॅमेऱ्याच्या शटरची स्प्रिंग गंजून तुटली होती, म्हणून भिंग काढून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. ते मी एका फळीवर खाचेत बसवले, असे की सेन्सरच्या मध्यापासून ते २० मिलिमीटर बाजूला सरकेल. आता माझा लहान सेन्सर गाभा सोडून साल पाहू शकत होता, नेमकी ती जागा जिथे फिल्मवर आत्या उभी होती. गच्चीवर पुतण्याला उभे केले, शेजारी बांबूची काठी, मागे विटांची भिंत. शटर सेकंदाचा हजारावा भाग. क्लिकसारख्या कॅमेऱ्यांचे शटर सेकंदाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागाचे असते, तेवढ्यात माणूस हलू शकतो. हजाराव्या भागात उभा असलेला माणूस हलल्याचे दिसत नाही. चेहरा तरीही पुसलेला आला.

कारणे दोन. एकेरी भिंगाची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी भिंगाकडे वळलेली असते. ७० मिलिमीटरच्या भिंगाला त्या वाटीची त्रिज्या हिशोबाने १०५ च्या आसपास येते. म्हणजे फिल्मच्या कडेला प्रतिमा जवळपास पावणेचार मिलिमीटर पुढे तयार होते, माझ्या सेन्सरच्या कडेला मात्र सरळ बसवलेल्या भिंगात जेमतेम एकतृतीयांश मिलिमीटर. अ‍ॅग्फाच्याच क्लॅक कॅमेऱ्यात फिल्म वाकवून या वाटीशी जुळवून घेतली आहे. छिद्राची जागा साधून वाटी काहीशी सपाट करता येते, पण मग दुसरा दोष वाढतो: उभ्या रेषा एका अंतरावर स्पष्ट होतात आणि आडव्या दुसऱ्या. फळीवर भिंग थोडे मागेपुढे करताना हे स्वच्छ दिसते. बांबू जुळला की विटांच्या आडव्या रेघा फाटतात, विटा जुळल्या की बांबू जाड होतो. चेहऱ्यात दोन्ही रेषा असतात, म्हणून तो कुठेच पुरता जुळत नाही.

मग मूळ फोटो भिंगाखाली पुन्हा पाहिला. आत्याच्या मागे ओसरीचा खांब आहे, तोही तितकाच विरलेला. उजव्या टोकाला तुळशीवृंदावन आहे; त्याचा कोपरा तसाच पसरलेला. आत्यापासून मध्याकडे येताना तिच्या शेजारच्या मुलाचा कान अर्धवट, त्याच्या पुढच्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्या मोजता येतात. पुसटपणा माणसामाणसांत उड्या मारत नाही, मध्यापासूनच्या अंतराने वाढत जातो. खांब आणि वृंदावन हलत नसतात.

असे फोटो मी नंतर पालघर, केळवे, सातपाटीकडच्या ओळखीच्या घरांतून बरेच पाहिले. बॉक्स कॅमेऱ्याचा समूहफोटो असेल तर मध्ये कोण आणि कडेला कोण हे ठरलेले असते. वडीलधारे, जावई, नोकरीतला मुलगा मध्ये. नव्या सुना, विधवा बहीण, कामाला ठेवलेला पोरगा टोकाला. भिंगाला घरातली उतरंड ठाऊक नव्हती, पण त्याची वाटी नेमकी तिच्यावर बसली.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना मी गच्चीवरचे फोटो आणि मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी खांबावर बोट ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, मग तिला उगाच बोललो की आपण.” चेहरा परत मिळतो का, हेही त्यांनी विचारले. संगणकावर तो धारदार करून देणारे आहेत, पण ते जो चेहरा देतात तो अंदाजाने रचलेला असतो, आत्याचा नसतो. मी तो करून घेतलेला नाही. निगेटिव्ह मिळाली तर छपाईत गेलेले थोडेफार हाती लागू शकेल. चिंचणीच्या घरातल्या दोन पत्र्याच्या पेट्या अजून उघडायच्या आहेत.

घरात असा बंद पडलेला कॅमेरा असेल तर भंगारात देण्याआधी त्याचे भिंग काढून ठेवा. काचेचे असेल तर स्पिरिटचा बोळा चालतो. प्लास्टिकचे असेल तर स्पिरिट, थिनर, नेलपॉलिशचे द्रावण काहीही लावू नका, ताण राहिलेल्या ॲक्रिलिकला त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, बहुधा गेटच्या बाजूने. साधे पाणी, साबणाचा थेंब आणि जुना सुती पंचा पुरतो. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात काचेवर बुरशी धरायला एक पावसाळाही लागत नाही.