पैनगंगा अडवण्यापूर्वी रानाचीही मोजदाद हवी

पावसाळा आला की पैनगंगेच्या खोऱ्यातील गावांचा जीव टांगणीला लागतो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा माणसे वाचविण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. असे दिवस पाहिलेला माणूस म्हणणारच, की नदी अडवा, धरण बांधा!

पाणी अडविण्याला आम्हा आंबेडकरी माणसांचा विरोध असण्याचे कारण नाही. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालात हाहाकार उडाला. त्यावेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी दामोदर खोरे योजनेचा पाया घातला. ८ नोव्हेंबर १९४५ च्या कटक परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांबाबतही हाच विचार मांडला. पाणी हे संकट नसून संपत्ती आहे; ते साठवून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक एकत्र साधावी, असे त्यांचे सांगणे होते. पण बाबासाहेबांची रीत आधी अभ्यास आणि मग निर्णय अशी होती, हे आम्ही विसरता कामा नये.

आमचे अर्धे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. खर्चाची बाजू कोरी ठेवून नफा दाखवता येत नाही, एवढे त्यातून कळले. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ साली सुमारे १,४०२ कोटींची मान्यता मिळाली. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर आणि पलीकडच्या आदिलाबादला पाणी, ही जमेची बाजू. ९५ गावे बुडतील, असे धरणविरोधी संघर्ष समिती सांगत आली, ही खर्चाची. परंतु नदीकाठचा झाडोरा, डोहातले मासे, रानातली जनावरे यांची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

जनावरांना तालुक्याची हद्द ठाऊक नसते. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ शेते, नाले, रस्ते ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. म्हणून पाहणी फक्त बुडिताच्या रेषेपुरती नको, जनावरांच्या वाटांचीही हवी. ती तिन्ही ऋतूंत हवी. उन्हाळ्यात नाले आटतात आणि जनावर डोहावर येते. पावसाळ्यात मासे-बेडकांची वीण होते. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. ठरल्या वाटेवर चालून मोजणी, पाऊलखुणा, विष्ठा, झाडाला बांधलेले स्वयंचलित कॅमेरे ही साधने आहेतच. त्यांच्या जोडीला कोलाम, गोंड, भोई बांधवांना आणि मोहफूल वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मायबहिणींना विचारा. रान त्यांच्या पायाखालचे आहे.

कोणी म्हणेल, माणसांचेच हाल संपेनात, तिथे वाघांची काळजी कशाला? बंधूंनो, रान बुडाले तर जनावर शेतात येईल. पांढरकवडा-राळेगाव भागात सुमारे १३ बळींचा ठपका असलेल्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. ते धरणामुळे घडले नव्हते. पण माणूस आणि वाघ एकाच बांधावर आले तर काय होते, हे त्या भागाने पाहिले. अशा वेळी पहिला घास पडतो तो गुराख्याचा आणि शेतावर राबणाऱ्याचा, बंगल्यात राहणाऱ्याचा नव्हे! ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जमिनीचा मोबदलाही नाही. त्याचे सरपण, मासे, मोहफूल मात्र पाण्याखाली जाते.

सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादीच कोरून ठेवली आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठी जंगल जाळू नये, अशी आज्ञा दिली. करुणेलाही यादी लागते, हे त्या राजाला कळले होते.

आता आपले काम. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. कोणत्याही धरणाची अशी सूचना निघाली, तर आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी तो सारांश आणून विहारात, महिला मंडळात मोठ्याने वाचून दाखवावा. कोणता डोह, कोणती पायवाट, कोणते झाड राहून गेले ते लिहून काढावे. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोललेले सभेतच विरते. आवक क्रमांक पडलेला कागद दप्तरात राहतो. धरण व्हायचे असेल तर होवो. पण आपला हिशेब मांडल्याशिवाय नको!