एकच संप्रेरक, पेशींची उत्तरं निराळी

उंदराची पियुषिका ग्रंथी काढून टाकली की त्याच्या मेंदूतलं ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे विकर घटतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक टोचलं की पुन्हा वाढतं. १९६०च्या दशकात हे दिसलं, पण एक शंका उरली. कॉर्टिसॉल थेट मेंदूच्या पेशींवर काम करतं, की यकृत, रक्तातली साखर अशा आडवाटेनं?

याचं उत्तर काचेच्या बशीत मिळालं. १९६८ मध्ये फिलिप बेंडा, गॉर्डन साटो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतल्या गाठीपासून ‘सी-६’ ही ग्लिया पेशींची वंशावळ तयार केली. ग्लिया म्हणजे चेतापेशींचं पोषण, संरक्षण आणि साफसफाई सांभाळणाऱ्या पेशी. बशीत ना यकृत, ना रक्त. तरीही कॉर्टिसॉल घातल्यावर तेच विकर वाढलं.

ही वाढ व्हायला काही तास लागतात, कारण कॉर्टिसॉल पेशीत शिरून ग्राही प्रथिनाला चिकटतं, ही जोडी केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकं चालू करते आणि मग विकराचे नवे रेणू घडतात. आरएनए बनणं रोखणारं अ‍ॅक्टिनोमायसिन दिलं, तर वाढ थांबते. अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली संप्रेरकं मात्र पेशीच्या पृष्ठभागावरूनच काम करतात. त्यांच्यामुळे आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि तयार असलेली विकरं काही मिनिटांत चालू किंवा बंद होतात.

कोणतं विकर वाढणार, हे पेशीच्या जातीवर ठरतं. ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशींत कॉर्टिसॉलसारखी स्टिरॉइडं ग्लुटामिन सिंथेटेज वाढवतात. ते चेतापेशींनी सोडलेलं ग्लुटामेट आणि विषारी अमोनिया जोडून निरुपद्रवी ग्लुटामिन बनवतं. चेतापेशींसारख्या वागणाऱ्या ‘पीसी-१२’ पेशींत तीच स्टिरॉइडं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज वाढवतात, म्हणजे डोपामिनच्या निर्मितीचा वेग ठरवणारं विकर.

बशीचेही तोटे आहेत. पेशी वाढवायला वापरतात त्या वासराच्या रक्तद्रवात संप्रेरकं आधीच असतात. म्हणून १९७९ मध्ये जेन बॉटनस्टाइन आणि साटो यांनी रक्तद्रव वगळून इन्शुलिन, प्रोजेस्टेरॉन, ट्रान्सफेरिन, पुट्रेसिन आणि सेलेनियम यांचं मोजकं मिश्रण वापरलं. शिवाय सी-६ ही गाठीतली पेशी, निरोगी नव्हे. पुढे निरोगी मेंदूत शोधल्यावर ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे पहिलं विकर मुख्यतः चेतातंतूंवर मायलिनचं आवरण घालणाऱ्या ग्लिया पेशींत सापडलं. संप्रेरक थेट काम करतं हे बशीनं सिद्ध केलं. मेंदूतली नेमकी पेशी कोणती, हे मेंदूतच पाहावं लागलं.