आधी हँडल, मग सेल्फ

उघड्या टपाची गाडी म्हटलं की बहुतेकांना सिनेमातला नायक आणि मरीन ड्राइव्ह आठवतो. निलंग्याकडे उघडी गाडी म्हणजे जीप. कापडी हूड उतरवलं, समोरची काच बॉनेटवर आडवी केली की झाली मोकळी. शेताची खेप, पाहुण्यांची ने-आण, वरात, निवडणुकीचा प्रचार, सगळं तिनेच केलं. पुढे बंद काचांच्या गाड्या आल्या, पोरं पुण्याला गेली आणि जीप वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. बॉनेटवर खताची पोती, मागच्या बाकावर कडबा, चाकांना टेकून मोडका कुळव. वर्षं गेली. मग एखाद्या दिवाळीत घरातल्या कुणाला तरी हुक्की येते की आजोबांची जीप चालू करू. नवी बॅटरी येते, पाच लिटर पेट्रोल ओतलं जातं आणि सगळं घर भोवती उभं असताना सेल्फ मारला जातो.

इथेच घात होतो. पंधरा वर्षं उभं राहून झालं नसेल एवढं नुकसान त्या पाच सेकंदांत होऊ शकतं. ते का, हे समजायला यांत्रिकीपेक्षा रसायनशास्त्र जास्त उपयोगी पडतं. गाडी थांबली तरी तिच्यातलं लोखंड, रबर, पेट्रोल आणि कापूस यांचा हवापाण्याशी चाललेला व्यवहार थांबत नाही.

आधी या गाडीचं कुळ पाहू. विलीज कंपनीची जीप १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धासाठी घाऊक बनू लागली. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मुहंमद यांच्यासोबत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. मुंबईत १९४७ पासूनच विलीजचे सुटे भाग जोडून जीप बाहेर पडू लागल्या होत्या. निलंगा त्या वेळी निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ साली ते उस्मानाबादला जोडलं गेलं आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरला. रस्ते बेताचे, माती काळी. पावसात फुगून चाकं गिळणाऱ्या त्या मातीतून बाहेर पडायला चारही चाकांना जोर देणारी गाडीच लागायची.

आपल्याकडे सर्वाधिक ओळखीची झाली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. ती उंची शोभेची नाही. तिच्या २.२ लिटर इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये आणि धूर सोडणाऱ्या झडपा खाली ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. पुढे कित्येक जीपची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. त्यांचं प्रकरण वेगळं. इथे बोलतोय ते पेट्रोलवालीबद्दल.

‘गाडी फार चालली नाही, म्हणजे चांगल्या अवस्थेत असणार’ हा एक लाडका गैरसमज. कमी किलोमीटर म्हणजे झीज कमी, एवढंच. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली १९१२ ची रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये पाहायला मिळते. आत सिंहासनच असलेली ही गाडी मागवणारा १९११ मध्येच वारला आणि गाडी फारच थोडी चालली. पण न चाललेल्या गाडीलाही वय होतंच.

इंजिनापासून सुरुवात करू. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. त्या वाटेने सायलेन्सरमधून किंवा काब्रेटरमधून हवा आत जात राहते. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांवर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजाला वेग येतो. निलंग्यात एप्रिल-मेच्या दुपारी हे काम जवळजवळ बंद असतं. आषाढ ते दसरा ते जोरात चालतं. म्हणून अशा इंजिनाचे चारही प्लग काढून आत बॅटरीचा झोत टाकला तर गमतीचं दृश्य दिसतं. दोन सिलिंडर चकचकीत, अजून तेलकट, आणि शेजारच्याच सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस पट्टा. इंजिन ज्या क्षणी थांबलं तेव्हा कुठली झडप उघडी होती याची ती नोंदच असते. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं, एअर क्लीनरमध्ये उंदराने संसार मांडलेला असतो, ते वेगळंच.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तिथे गंज धरला की रिंगा चिकटतात आणि इंजिन जाम होतं. शिवाय हा गंज कडक असतो. सोन्याला झिलई द्यायला जी लाल भुकटी वापरतात तीही आयर्न ऑक्साइडचीच. अशा वेळी सेल्फ मारला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. इंजिन जाम असेल तर सेल्फची मोटर किंवा फ्लायव्हीलचे दात जातात. ते कसंबसं सुटलंच, तर गंजाचे कण रिंगांबरोबर वर-खाली घासले जातात, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि बोअर करण्याचा खर्च मागे लागतो.

जुने मेस्त्री म्हणूनच प्लग काढून प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडतात आणि गाडीला चक्क विसरून जातात. कुणी त्यात ब्रेक ऑइल घालतं. परदेशातल्या हौशी मंडळींत ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन असं मिश्रण लोकप्रिय आहे. मिश्रण कुठलंही असो, तत्त्व केशाकर्षणाचं. फट जितकी अरुंद तितकं पातळ तेल तिच्यात अधिक खोलवर ओढलं जातं, पण वेळ लागतो. आठवडाभर थांबायची तयारी हवी. घरातल्या तरुण मंडळींचा धीर सुटतो तो इथेच.

नंतर हँडल. जीपच्या पुढच्या बंपरमधल्या भोकातून घालायचं ते वाकडं हँडल अडगळीतून शोधून काढावं, कारण या कामाला त्याच्यासारखं यंत्र नाही. प्लग काढलेलेच ठेवायचे, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बाकी बोटांच्याच बाजूला. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा वेढलेला अंगठा मोडतो, हे जुने ड्रायव्हर पोरांना पहिल्याच दिवशी सांगत. (कॅडिलॅकने १९१२ साली विजेचा सेल्फ बाजारात आणला, त्यामागेही हँडलने मोडणारे हात हे मोठं कारण होतं.) प्लग नसताना झटका बसत नाही, पण सवय चांगली. हलकेच वर ओढायचं, अडलं की जोर न करता मागे आणायचं, पुन्हा पुढे. कुठे अडतंय, किती अडतंय हे हाताला कळतं. सेल्फला ते कळायची सोय नाही.

इंजिन फिरलं तरी लगेच पेटवायचं नाही, याचं कारण शोधायला १८८३ सालात जावं लागतं. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या बेअरिंगचे प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावरच्या भोकात त्याने बूच मारलं, तर ते बूच आतल्या तेलाने बाहेर ढकललं. फिरता दांडा तेलाला फटीत खेचून दाब निर्माण करतो आणि त्या दाबाच्या थरावर स्वतःच तरंगतो, असं त्यातून निघालं. ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. हा थर फिरण्यातून तयार होतो. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात तेल निथळून खाली गेलेलं असतं आणि क्रँक बेअरिंगच्या धातूवर कोरडी टेकलेली असते. म्हणून आधी जुनं तेल काढायचं, कारण त्यात जळणाचं आम्ल आणि पाणी मुरलेलं असतं. नवं भरायचं आणि प्लग न लावता इंजिन फिरवत राहायचं. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा हलला की मग प्लग.

पेट्रोलची गोष्ट निलंग्याच्या उसापर्यंत पोचते. पेट्रोल साठवलं की आधी त्यातले हलके, लवकर पेट घेणारे घटक उडून जातात. उरलेल्यातली काही संयुगं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट डिंक बनवतात. जुन्या टाकीचं झाकण उघडताच जो वार्निशचा उग्र दर्प येतो तो त्यांचाच. हा डिंक काब्रेटरच्या जेटमध्ये, मिलिमीटरभर भोकात जाऊन बसतो. त्यात अर्धी रिकामी टाकी श्वास घेत असते: दुपारी आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री आकसते आणि दमट हवा आत येते. थंडीत पत्र्याला आतून दव सुटतं.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. हे उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, सरकारने ते २०२५-२६ वर आणलं. इथेनॉलला पाण्याची ओढ. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी मुरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि होज पाइप त्या काळच्या रबराचे. इथेनॉलने ते फुगतात, मऊ पडतात, गळू लागतात. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. तेव्हा हे रबर नव्या इंधनाला चालणारंच घ्यावं. यात काटकसर मला परवडण्यासारखी वाटत नाही. जीप पुन्हा काही महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि काब्रेटर दोन्ही रिकामे करावेत.

ज्या उसाच्या मळीपासून हे इथेनॉल निघतं, तीच मळी गंजावरचं औषधही आहे. एक भाग मळी, आठ-दहा भाग पाणी, त्यात गंजलेले ब्रेक ड्रम, कंस, नट-बोल्ट बुडवून ठेवले तर मळीतली सेंद्रिय आम्लं आणि शर्करा गंजातल्या लोखंडाला पकडून द्रावणात घेऊन येतात. चांगल्या पोलादाला धक्का फारसा लागत नाही. दोन-तीन आठवडे लागतात आणि वास असा सुटतो की पिंप गोठ्यापलीकडेच ठेवावं. ॲल्युमिनियमची वस्तू मात्र चुकूनही त्यात टाकू नये, ती खाल्ली जाते. मळीच्या साठवणीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, तेव्हा ती रीतसरच मिळवावी. गळकी टाकी जोडायला नेताना एक लक्षात ठेवा: भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेवढंच प्रमाण सापडतं.

ब्रेक ऑइलही पाणी पितं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. तेच पाणी व्हील सिलिंडर आतून गंजवतं. जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच, त्यामुळे एका चाकाचा वॉशर फाटला की चारही ब्रेक गेले. माझं मत विचाराल तर इंजिन चालू होण्याआधी ब्रेक पूर्ण उघडून नवे करावेत. लोक उलटं करतात, कारण इंजिनाचा आवाज येतो आणि ब्रेकचा येत नाही.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षं उलटली की टायर बदलायचा. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली रबर लवकर मरतं. कोकणातल्या गाडीचा पत्रा जातो आणि आपल्याकडच्या गाडीचं रबर, असा ढोबळ हिशेब मांडता येईल.

पण आपला पत्राही एका जागी फसवतो. चॅसीच्या आत, वळचणींत बसलेली काळी माती. तिच्यातलं चिकणखनिज थरांमध्ये पाणी धरून ठेवतं. बाकी गाडी दिवाळीपर्यंत कोरडी झालेली असताना या मातीखालचं लोखंड ओलंच राहतं आणि आतून पोखरलं जातं. वरून रंग धड, बोट दाबलं की आरपार. नव्या रंगावर पैसे घालण्याआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चॅसी धुऊन हातोडीने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला की वेल्डिंगवाल्याला बोलवा.

हूडचं कापड ही मला या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. जाड सुती कॅनव्हास पावसात भिजला की धागे फुगतात, वीण घट्ट होते आणि पाणी अडतं. ऊन पडलं की वीण पुन्हा मोकळी होऊन हवा खेळते. ओला असताना घडी घालून ठेवला, की बुरशी कापसातलं सेल्युलोज खाऊन टाकते. जुना कॅनव्हास बोटांत चुरगळला तर त्याचा मोह सोडावा आणि कुशनवाल्याला नमुना म्हणून मात्र द्यावा, नवं शिवताना मापं त्यावरूनच निघतात.

राहता राहिले कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण हा मान घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. डिझेल इंजिन बसवलेली जीप मूळ रूपाच्या अटीतच अडकेल. आणि ज्याला जीप घेऊन औरादच्या बाजाराला किंवा मांजरेकाठच्या शेतावर जायचं आहे, त्याने व्हीएच्या नादी न लागता लातूरच्या आरटीओत साधी नोंदणीच वाढवून घ्यावी.