काटा हलत नाही? मग टेप लावा

“दोन महिने झाले चालतोय, पण वजन तेवढंच!” ही तक्रार आपल्या घराघरांत ऐकू येते. काटा फक्त एकूण भार सांगतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, ते त्याला कळत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांनाही शुगर का होते, त्याचं एक मोठं कारण हेच.

म्हणून आम्ही म्हणतो, शिंप्याची टेप घ्या. सकाळी नाश्त्याआधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांची कंबर 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. काटा तिथंच पण कंबर कमी होतेय, म्हणजे चरबी उतरतेय. रमजानच्या सुरुवातीला मात्र काटा पटकन उतरतो, त्यात बरंचसं पाणीच असतं. ईदनंतर ते परत येतं.

आणि हो, सडपातळ अब्बांचीही कंबर मोजा. “मला काय झालंय?” म्हणून तेच टाळतात.