पडद्यावरची माणसे काय काम करतात?

काल रात्री तुमच्या घरी दूरचित्रवाणीवर जी मालिका चालू होती, तिच्यातली पात्रे जरा आठवा. नायिकेच्या साड्या आठवतील, सासूचे टोमणे आठवतील, कोण कोणावर रुसले तेही आठवेल. आता एक साधा प्रश्न. ही माणसे पोटासाठी काय करतात? त्यांच्या घरातली चूल कशावर पेटते?

बहुतेकांची उत्तरे ठरलेली येतील. एक डॉक्टर, एक पोलीस अधिकारी, एक वकील आणि ‘मोठी कंपनी’ असलेले एक साहेब. ती कंपनी काय बनवते, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. मालिकेने ते कधी सांगितलेलेच नसते!

आता घराबाहेर या. तुम्ही परभणी जिल्ह्यात मानवतला, जिंतूरला किंवा गंगाखेडजवळच्या एखाद्या गावी राहत असाल, तर तुमच्या गल्लीत कोण कोण राहते? कापूस नि सोयाबीन पिकवणारे शेतकरी, रोजाने निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया, एस.टी.चे कंडक्टर, जिनिंगमधले हमाल, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, खांबावर चढणारे वायरमन. पूर्णेला राहत असाल, तर शेजारी रेल्वेतला कोणीतरी असणारच.

पडद्यावरचे गाव आणि आपले गाव यांत एवढा फरक का? तो मोजता येईल का? आणि मोजून आपल्याला काय कळेल? पाहू या.

टपोऱ्या दाण्यांची फसगत

पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पोत्यातून शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर बियाणे पेरायला योग्य.

पण समजा, दाणे घेताना कोणी टपोरे, चकचकीत दाणे तेवढेच वेचून घेतले तर? गोणपाटावर नव्वद उगवतील आणि शेतात मात्र फसगत होईल. या शंभर दाण्यांना शास्त्रात ‘नमुना’ म्हणतात. तो पोत्याच्या वरून, मधून, तळातून, निवड न करता घेतला असेल, तरच सगळ्या पोत्याविषयी खरे सांगतो.

मालिकांतील पात्रे म्हणजे माणसांचा असाच एक नमुना. तो कसा घेतलेला आहे, हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मेल्विन डीफ्लर यांनी मोजून पाहिले. त्यांचा लेख १९६४ साली प्रसिद्ध झाला. कार्यक्रमांत जी जी पात्रे काही काम करताना दिसली, त्यांची त्यांनी पद्धतशीर नोंद केली. पडद्यावर काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोक पोलीस, वकील, न्यायाधीश अशा कायद्याशी संबंधित कामांत आढळले! खऱ्या अमेरिकेत काही दर तिसरा कामकरी पोलीस किंवा वकील नव्हता. उलट अंगमेहनतीची साधी कामे, जी लाखो लोक करत होते, ती पडद्यावर क्वचितच दिसली.

आपल्याकडे काय? २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकी सुमारे २५ शेतकरी आणि ३० शेतमजूर होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक शेतात. आता गाजलेल्या मालिका आठवा. ‘करमचंद’ (१९८५) गुप्तहेर. ‘उडान’ची (१९८९) नायिका पोलीस अधिकारी. ‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) पुन्हा गुन्ह्यांचा शोध घेणारा. ‘सी.आय.डी.’ (१९९८) तर सगळी पोलिसांचीच. मराठीत ‘दामिनी’ पत्रकार, ‘लागिरं झालं जी’चा (२०१७) नायक सैनिक. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला (२०१६) राणा शेती करतो हे खरे, पण तो लक्षात राहतो तालमीतला पैलवान म्हणून. आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारी बाई? ती नायिका असलेली मालिका कोणाला आठवते का, घरी विचारून पाहा.

मात्र सावध! ही यादी मी आठवणीतून केली आहे. म्हणजे मीही दाणे वेचूनच घेतले. याला मोजणी म्हणता येणार नाही. खरी मोजणी तुम्ही करायची आहे. ती कशी, ते शेवटी सांगतो.

असे का होते?

लेखकाला रोज नवी गोष्ट हवी असते. पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्या दाराशी अनोळखी माणसे आपणहून संकट घेऊन येतात. प्रसंग जिवावरचा असतो आणि निकाल चटकन लागतो. शेतात बी टाकल्यावर निकाल लागायला चार महिने जातात. शिवाय चित्रीकरणाची सोय पाहावी लागते. दिवाणखाना, कचेरी, पोलीस ठाणे यांचे देखावे एकदा उभे केले, की वर्षभर पुरतात. रानात ऊन, वारा, पाऊस. आणि पीक काढले की शेताचे रूपच पालटते. प्रेक्षकांना फसवावे असा यात कोणाचा हेतू नसतो. गोष्ट सोयीची व्हावी, एवढेच पाहिलेले असते.

जी कामे दिसतात, तीही मग सोयीप्रमाणे आखूड होतात. ‘सी.आय.डी.’मधले डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत उभ्या उभ्या निष्कर्ष सांगतात. प्रत्यक्षात डी.एन.ए. चाचणीत आधी नमुन्यातून डी.एन.ए. वेगळा काढावा लागतो. मग त्याच्या ठरावीक भागांच्या असंख्य प्रती तयार करतात, त्या लांबीनुसार वेगळ्या करतात आणि त्यानंतरच संशयिताच्या नमुन्याशी ताडून पाहतात. या पायऱ्यांना बरेच तास लागतात. आणि आपल्या नमुन्याआधी आलेले इतर नमुने रांगेत असतातच. ही चिकाटी हाच त्या कामाचा गाभा. पडद्यावर नेमका तोच गाळलेला असतो.

मनावर काय उमटते?

१९६७ साली मेल्विन आणि लोइस डीफ्लर यांनी लहान मुलांना निरनिराळ्या कामांविषयी प्रश्न विचारले. ज्या कामांतली माणसे मुलांना प्रत्यक्ष भेटत होती, त्या कामांची माहिती त्यांना सर्वांत चांगली होती. जी कामे केवळ पडद्यावर दिसत, त्यांचीही माहिती होती, पण ती साच्यातून काढल्यासारखी. सगळ्यांची सारखीच, आणि वरवरची.

मग मालिकांमुळे काही चांगले घडतच नाही का? घडते. ‘उडान’ ही मालिका कविता चौधरी यांनी आपल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून लिहिली होती. कांचनताई पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाचे हे सर्वोच्च पद मिळालेल्या त्या देशातील पहिल्या महिला. मुलीने गणवेश घालावा, हे ज्या घरांत कोणाच्या मनातही आले नव्हते, त्या घरांत ते चित्र पडद्यावरून पोहोचले.

अमेरिकेत १९९३ साली ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात डेना स्कली नावाची स्त्री डॉक्टर होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांनी स्कलीला आपला आदर्श म्हटले. पण येथेही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. मालिका पाहून त्यांना विज्ञानाची गोडी लागली, की मुळातच गोडी असलेल्या मुलींना ती मालिका जास्त आवडली? दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे लगेच म्हणता येत नाही.

पडद्यावर न आलेले एक काम

आता तुमच्याच जिल्ह्यातले एक काम सांगतो. परभणीला १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे. तेथे ‘ज्वार पैदासकार’ असतात. हे नाव तुम्ही कोणत्या मालिकेत ऐकले आहे?

ज्वारीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, म्हणून तिचे परागण बहुधा आपल्याच परागांनी होते. दोन वाणांचा संकर करायचा, तर कणसातल्या निवडक फुलांतून परागकोश उमलण्याआधीच चिमट्याने काढून टाकावे लागतात. मग कणसावर कागदी पिशवी बांधतात आणि योग्य वेळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर सोडतात. एवढे झाले, की काम सुरू झाले! संकराच्या झाडांत दोन्ही पालकांचे गुण एकत्र असतात, पण ते पुढच्या पिढ्यांत स्थिर राहत नाहीत. स्वपरागणाने ही सरमिसळ दर पिढीत निम्मी होते. १०० वरून ५०, मग २५, साडेबारा... सहा पिढ्यांनी ती सुमारे दीड टक्क्यावर येते. दर पिढीत शेकडो झाडांतून चांगली झाडे निवडायची, बाकीची सोडून द्यायची. त्यानंतर ठिकठिकाणी चाचण्या. एवढ्या वर्षांत आजची पाचवीतली मुलगी कॉलेजात पोहोचते.

अशा कामातून काय निघते? भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा एक विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि पीक हातचे जाते. या विद्यापीठातील जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी नेहमीच्या भेंडीचा तिच्या एका वेगळ्या जातीशी संकर करून या रोगाला तोंड देणारा वाण तयार केला. त्याचे नाव ‘परभणी क्रांती’. देशभरच्या शेतकऱ्यांनी तो लावला. २०१८ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या साहाय्याने ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली. नेहमीच्या ज्वारीत दर किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, हिच्यात सुमारे ४५. जस्तही जास्त. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरीच खातात, त्या घरातल्या मुलीच्या रक्ताला हा फरक मोलाचा आहे.

या माणसांनी कोणाचा पाठलाग केला नाही, न्यायालयात टाळ्या मिळवल्या नाहीत. पण त्यांचे काम तुमच्या ताटात येऊ शकते.

करून पाहा

चार-पाच जणांचा गट करा. आठवडाभर रोज एक ठरावीक मालिका पाहा. मालिका चिठ्ठ्या टाकून निवडा, म्हणजे दाणे वेचल्यासारखे होणार नाही. वहीत चार रकाने आखा: पात्राचे नाव, स्त्री की पुरुष, काम कोणते, आणि ते काम करताना प्रत्यक्ष दिसले की नुसता उल्लेख झाला. एक पात्र एकदाच मोजा. घरकाम करणाऱ्या आईला ‘काम नाही’ असे लिहू नका.

दुसऱ्या पानावर आपल्या गल्लीतल्या पहिल्या पन्नास मोठ्या माणसांची तशीच नोंद करा. दोन्हींचे टक्के काढा, शेजारी शेजारी स्तंभालेख काढा आणि वर्गात लावा. सर किंवा बाई नक्की मदत करतील. ज्या स्तंभांत सर्वांत मोठा फरक दिसेल, त्यांवर चर्चा करा.

मग तिसरी पायरी, सर्वांत महत्त्वाची. पडद्यावर कधीच न आलेले एक काम निवडा आणि ते करणाऱ्या माणसाला भेटा. दिवस कसा जातो, काय शिकावे लागले, काय जड जाते, हे विचारा. विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्याला घरचे कोणी जात असतील, तर त्यांच्याबरोबर जा आणि ज्वार पैदासकार कोठे भेटतील ते विचारा.

यंदा नाही तर एकदोन वर्षांत तुम्हाला दहावीनंतरचा रस्ता निवडायचा आहे. डॉक्टर व्हा, पोलीस व्हा, अवश्य व्हा. पण निवड करताना समोर सगळे पोते असू द्या, कोणीतरी वेचून दिलेले मूठभर दाणे नकोत.