म्हाताऱ्या कुत्र्याच्या चालीनं

डिसेंबर जवळ आला, की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. गाडी घरचीच, तंबू भाड्यानं मिळतो. पवनेच्या काठी किंवा कोकणात समुद्राशेजारी दोन रात्री काढायच्या, शेकोटी पेटवायची. सगळं ठरतं आणि मग कुणाची तरी नजर दाराशी पाय पसरून पडलेल्या बारा-तेरा वर्षांच्या जिवाकडं जाते. ‘याचं काय करायचं?’

माझा जन्म बँकेत गेला. आमच्या एल.एफ.सी.च्या फॉर्मवर कुटुंबीयांसाठी रकाना असे. त्यात कुत्र्याला जागा नव्हती. घरात मात्र त्याची जागा कायम होती, आणि साहेबांच्या खुर्चीपेक्षा पक्की!

या प्रश्नाचं एक प्रसिद्ध उत्तर अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी दिलं. सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, आपला देश पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून ते निघाले. ट्रकच्या पाठीवर राहण्याजोगी खोली बसवून घेतली, गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचं ‘रोसिनान्ते’ हे नाव दिलं आणि सोबतीला घेतलं चार्लीला. फ्रान्समध्ये जन्मलेला, उतारवयाला लागलेला हा पूडल. सुमारे १६,००० किलोमीटरच्या त्या भटकंतीवरचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ साली आलं. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. पुस्तकातल्या काही हकिकती रचलेल्या आहेत आणि बऱ्याच रात्री गाडीऐवजी हॉटेलांत गेल्या, असं पुढं अभ्यासकांनी दाखवलं. असेलही. कादंबरीकाराची जात आम्हाला ठाऊक आहे!

पण चार्लीचं दुखणं मला खरं वाटतं. वाटेत त्याला प्रोस्टेटचा त्रास होऊन लघवी अडली. पहिल्या डॉक्टरचा हात स्टाइनबेकना रुचला नाही. पुढं टेक्सासमधल्या अमारिलोत एका तरुण डॉक्टरनं चार दिवस ठेवून घेऊन त्याला बरं केलं. अख्खा देश पाहायला निघालेला माणूस एका कुत्र्यासाठी थांबला.

आपल्याकडं धर्मराजाच्या मागं चाललेल्या कुत्र्याची कथा सांगतात. पण तो कुत्रा आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं चालत होता. गाडीत उचलून बसवलेल्या कुत्र्याला कुणी विचारत नाही. त्याला नेण्यात त्याचं सुख किती आणि आपली हौस किती, हा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा.

आमची राणी गावठी, तेराव्या वर्षात पडलेली. एका जानेवारीत तिला दिवेआगरला नेलं. चार तासांचा रस्ता सात तासांत कापला. ताम्हिणीच्या वळणांवर तिला मळमळे, म्हणून दर तासाला गाडी थांबवायची. नातू आधी वैतागला, मग त्या थांब्यांची वाट पाहू लागला. कुठं चहाची टपरी, कुठं भाताचं कापलेलं शेत. एरवी हे सगळं काचेतून सर्रकन मागं गेलं असतं. सुरूच्या बनात तंबू ठोकला. संध्याकाळी वाळूवर ती जेमतेम पन्नास पावलं चालली, लाटेचा फेस हुंगला आणि बसली. आम्हीही बसलो. दुसऱ्या दिवशीचे दोन बेत रद्द झाले. त्याबद्दल कुणी कुरकुरलं नाही.

नेणार असाल तर काही पथ्यं पाळा. आधी डॉक्टरांकडून सांधे, हृदय, मूत्रपिंडं तपासून घ्या; रेबीजच्या लसीचा दाखला आणि वाटेतल्या पशुवैद्यांचे फोन जवळ ठेवा. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नका. खाणं नेहमीचंच आणि अंथरूण जुनंच असावं. ओळखीच्या वासानं म्हातारा जीव स्थिरावतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. म्हणून बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही एकटं सोडू नका. काच चार बोटं खाली करून भागत नाही. आपली दुखण्यावरची गोळी त्याला देऊ नका, ती जिवावर बेतू शकते. रात्री नजर मंदावते, अनोळखी अंधारात तो भरकटतो. त्याला तंबूत आपल्याजवळच बांधा. सकाळी कानांमागं, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहा. अभयारण्याचा बेत असेल तर मात्र त्याला नेऊच नका. तिथं कुत्र्यांना मज्जाव असतो, आणि ते योग्यच आहे.

गाडीत बसताच जो थरथरतो, ज्याला उठताना वेदना होतात, त्याला घरीच ठेवावं, ओळखीच्या माणसापाशी, त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात. यात प्रेम कमी पडलं असं मुळीच नाही. शंका असेल तर आधी घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र काढून पाहा. तो खातो का, झोपतो का, यावरून उत्तर मिळतं.

राणी त्याच पावसाळ्यात गेली. नातू आता गाडी चालवायला शिकला आहे. आम्ही दोघं म्हातारे मागच्या सीटवर असलो, की तो दर तासाला, न सांगता, सावली बघून गाडी थांबवतो.